लक्ष नसलेली मुलं आणि त्यांना तपासणारा मी

मुलाचं लक्ष नाही, अशी तक्रार घेऊन आईवडील आले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: कुठे नाही? आई म्हणे, अभ्यासात नाही. वडील म्हणत, कशातच नाही. मग आईच दुरुस्ती करी, टीव्हीसमोर बसवा, जागचा हलणार नाही. क्रिकेटमधल्या धावा विचारा, तोंडपाठ आहेत. म्हणजे लक्ष आहे, नुसतं नाटक करतो, असा निकाल वडील तिथल्या तिथे देऊन टाकत. तेवढ्या वेळात मुलाने माझ्या टेबलावरचा स्टेपलर उघडून पिना मांडीवर ओतलेल्या असत.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका मुलांच्या दवाखान्यात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून मी हे काम केलं. माझी पदवी मानसशास्त्राची. औषध लिहून द्यायचा अधिकार मला नव्हता. खाली डॉक्टरीणबाई ताप, खोकला, जुलाब बघायच्या आणि ज्या पोराचं दुखणं स्टेथोस्कोपला सापडत नाही ते जिन्याने वर धाडायच्या. मी त्याची तपासणी करायची, आईवडिलांशी बोलायचं, जमलं तर शाळेत जाऊन यायचं आणि काय दिसलं ते लिहून खाली द्यायचं, एवढं माझं काम.

त्या काळी माझ्या खोलीत येणं म्हणजे नाचक्की. लोक 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणायचे, आणि मी डॉक्टरही नव्हतो. डोंबिवलीच्या एका बाईंनी सासूला सांगितलं होतं की मुलाला दाताच्या डॉक्टरकडे नेते आहे, आणि घरी कोणी विचारलं तर कुठली दाढ दाखवायची हे त्याला वाटेत पढवलं होतं. ते पोर माझ्या खोलीत आल्या आल्या आ करून उभं राहिलं. मला हसू आलं, पण त्या बाईंचे डोळे भरून आले होते. म्हणून मग मी हसू आवरलं.

आता या तपासणीत काय असतं ते थोडं सांगतो. आज ज्याला एडीएचडी म्हणतात, त्याचा एकच अवतार तेव्हा लोकांना ठाऊक होता: खिडकीच्या गजांवर चढणारा, शेजाऱ्यांच्या घरात घुसणारा, वर्गात कुणाच्या तरी खोड्या काढणारा मुलगा. दुसरा प्रकार असतो जागच्या जागी बसून गावाला गेलेल्या मुलाचा. तो कुणाला त्रास देत नाही. त्याला हाक मारली की ती ऐकू येते, पण आत पोचत नाही. फळ्यावरचं उतरवताना मधली ओळ गाळतो. गुणाकार सुरू करतो आणि अर्ध्यावर त्याची बेरीज होते. चूक दाखवली की लगेच कळते, म्हणजे गणित येत नाही असंही नाही. आईने लोणच्याची बरणी आणायला पाठवलं की स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतो, कारण का आलो ते वाटेत सांडलेलं असतं. रबर, छत्री, पाण्याची बाटली, कंपासपेटी यांची शाळेला सतत देणगी देतो. एकच चप्पल हरवून घरी येणं हे कुठल्याही पुस्तकात नाही, पण माझ्या मते ते पक्कं लक्षण आहे.

एवढ्यावर शिक्का मारायचा नसतो. हे सगळं लहानपणापासून आहे का, घरीही आहे आणि शाळेतही आहे का, बरेच महिने चाललंय का आणि त्याने मुलाचं खरोखर अडतंय का, हे पाहावं लागतं. मग कान, डोळे, रक्त तपासायचं. काही मुलांना क्षणभर शुद्ध हरपण्याचा फिटचा प्रकार असतो आणि लोकांना वाटतं, तंद्री लागली. दिवा स्टेशनाजवळच्या वस्तीतून एक मुलगा आला होता, वर्गात पेंगायचा, विचारलं की दचकायचा. शाळेने त्याच्यावर 'लक्ष नाही' असा शेरा मारून पाठवला होता. खोदून विचारल्यावर आई म्हणाली, पाणी पहाटे येतं, तेही रोज नाही, आणि भरलेला हंडा घरी न्यायचा तर बाकीचे सोडून मी एकटी जाऊ शकत नाही, म्हणून हा रांगेत बसतो. त्या मुलाला काहीही झालेलं नव्हतं. त्याला झोप हवी होती आणि दिव्याला नळ. दोन्ही माझ्या हातात नव्हतं. मी खाली नुसतं 'झोप अपुरी' असं लिहून पाठवलं.

मुली फारशा आल्याच नाहीत. वर्गात गप्प बसलेल्या मुलीचं लक्ष नेमकं कुठे आहे, याची चौकशी कुणी करत नसे. शाळेत गेलो की मीसुद्धा दंगा चाललेल्या बाकाकडेच बघायचो. त्याची चुटपुट अजून लागून आहे.

या कामातली खरी गोम अशी की बंद खोलीत ही मुलं शहाण्यासारखी वागतात. नवीन जागा, नवीन माणूस, रंगीत ठोकळे, हातात स्टॉपवॉच घेतलेला काका, आणि समोर एकटा तो. मग लक्ष न देऊन जाईल कुठे? माझ्या सुरुवातीच्या कित्येक अहवालांत 'लक्ष उत्तम' असं लिहिलेलं असे आणि आई तो वाचून माझ्याकडे अविश्वासाने बघे. पुढे मी शहाणा झालो. जिन्याच्या वर एक लाकडी बाक होता, तिथे मुलांना मुद्दाम ताटकळत ठेवायला लागलो आणि दाराच्या फटीतून बघायला लागलो. आईवडिलांना वाटे, साहेबांकडे फार गर्दी दिसते. आत मी एकटाच असे. कंटाळवाण्या जागी, काही न करता बसायचं असताना मुलगा काय करतो, यावरून जे कळतं ते ठोकळ्यांवरून कळत नाही.

हे सगळं मला समजलं याचं श्रेय लोक माझ्या अभ्यासाला देत. मी ते देऊ देत असे. खरी गोष्ट वेगळी होती. लक्षणांची यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा कुणीतरी माझ्या घरात राहून ती लिहिली आहे असं मला वाटलं. माझ्या किल्ल्या माझी बायको, सुलभा, दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला लावून ठेवायची, तरी मी शेजाऱ्यांकडे बसून तिची वाट बघत असे. कोलशेतला एका कारखान्याच्या वसाहतीत पालकांसमोर माझं भाषण ठेवलं होतं. मी पुढच्या आठवड्यात गेलो, रिकाम्या हॉलमध्ये. अशा वेळी मी आत्या मारत असे. मला आत्या दोनच, पण नोकरीच्या काळात त्या बऱ्याचदा वारल्या.

याची मला लाज वाटायची. साधीसुधी नाही, पोटातून. पाय अधू असता तर मी तो लपवला नसता. पण विसरणं, हरवणं, उशीर करणं हे कुणाला आजार वाटत नाही, चारित्र्य वाटतं. मलाही तसंच वाटे. रोज चार आईवडिलांना मी सांगायचो की हा मुद्दाम करत नाही हो. स्वतःबद्दल मात्र ते वाक्य मला कधी खरं वाटलं नाही. सुलभालाही मी कधी बोललो नव्हतो. तिला वाटे, हुशार माणसं अशीच असतात. मी तिला तसं वाटू दिलं.

नव्वदीच्या सुरुवातीला कल्याणचे गायकवाड त्यांच्या मुलाला घेऊन आले. गायकवाड टेलिफोन खात्यात होते, लाइनी दुरुस्त करायचे. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बोलणं मोजकं. मुलगा सिद्धार्थ, सहावीतला. शाळेने सांगितलं होतं की वर्षअखेरीची वाट न बघता दाखला काढून न्या; अभ्यास करत नाही, वह्या हरवतो आणि वर थापा मारतो.

"आमच्या घरात मी पहिला दहावी झालेलो, सर," गायकवाड म्हणाले. "हा पुढे जाईल म्हणून सगळं केलं. मी याला मारतो. लपवणार नाही तुमच्यापासून. पण मारल्यावर मलाच जेवण जात नाही."

सिद्धार्थला मी बाकावर बसवला होता तेव्हा त्याने बुटाची एक नाडी बांधली, दुसरीला हात घातला आणि तेवढ्यात भिंतीवरच्या टॉनिकच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. ती नाडी तशीच राहिली. आत आल्यावर ठोकळ्यांचं कोडं त्याने झटक्यात सोडवलं. मग मी त्याला सरळ एकाखाली एक अशा लांबलचक बेरजा दिल्या. पहिल्या दोन बरोबर, तिसरीत हातचा विसरला, चौथीत एक आकडाच गाळला आणि पाचवी अर्धी सोडून माझ्या पंख्याचा आवाज का येतो ते मला सांगायला लागला. कान, डोळे, रक्त सगळं डॉक्टरीणबाईंनी आधीच बघून ठेवलं होतं. पुढच्या खेपेला त्याच्या आईला बोलावून लहानपणापासूनची हकिगत विचारून घेतली. शंका उरली नाही.

थापांबद्दल मी गायकवाडांना समजावलं. 'विसरलो' हे उत्तर या मुलाकडून आजवर कुणी मान्य केलेलं नाही. त्यावर मार बसतो. वही भिजली, कुणी नेली, यावर निदान चौकशी होते. म्हणून तो थापा मारतो. गायकवाड ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हे तुम्ही शाळेत येऊन सांगाल का? माझं कोण ऐकणार?"

मी शनिवार दिला. सकाळची शाळा सुटल्यावर मुख्याध्यापिका थांबणार होत्या, गायकवाडांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. आपण स्वतःला ओळखतो, म्हणून मी चांगला लवकर निघालो. अहवाल टाइप करून फायलीत घातला होता. ठाण्याला अंबरनाथ गाडीत बसायला जागा मिळाली. समोर एक गृहस्थ मांडीवर रुमाल पसरून छोटा ट्रान्झिस्टर दुरुस्त करत होते. त्यांची तार निसटायची, पुन्हा लावायचे. मी ते बघत होतो. किती वेळ, सांगता येणार नाही. ट्रान्झिस्टर एकदाचा खरखरला, मला आनंद झाला, आणि बाहेर बघितलं तर उल्हासनगर. मी धडपडत उतरलो. गाडी हलल्यावर लक्षात आलं की फाइल बाकावरच राहिली.

उलट गाडी पकडून, रिक्षा करून शाळेत पोचलो तेव्हा मुलं केव्हाच घरी गेली होती. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत बाई, कोपऱ्यात कारकून, आणि टेबलासमोर बापलेक उभे. बसायला खुर्च्या होत्या, पण गायकवाड बसलेले नव्हते. बाई वाईट नव्हत्या. कोंबलेले वर्ग, अपुरे शिक्षक आणि वर संस्थाचालक, या सगळ्यांत त्या थकलेल्या होत्या. त्या सिद्धार्थच्या वह्यांबद्दल बोलत होत्या. "याची वही भिजते, हरवते, नाहीतर याचा भाऊ फाडतो," त्या मला म्हणाल्या. "याला भाऊच नाही. असो. तुम्ही येणार म्हणून मी थांबले. रिपोर्ट द्या."

माझ्या जिभेवर गाडी रखडल्याचं तयार होतं. अहवाल टायपिस्टकडे अडकलाय, सोमवारी पाठवतो, हेही तयार होतं. अशी वाक्यं मला सुचवावी लागत नाहीत. मी तोंड उघडलं आणि सिद्धार्थने माझ्याकडे बघितलं. तो माझी बाजू घेत नव्हता की मला पकडतही नव्हता. आता हे काय सांगणार, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. एकाच धंद्यातली माणसं एकमेकांकडे बघतात तसं ते होतं.

"रिपोर्ट गाडीत राहिला," मी म्हणालो. "आणि गाडी वेळेवर होती. कल्याण आलेलं मला कळलं नाही. मी पुढे गेलो."

कारकून खाली मान घालून हसला. मग मी, आधी ठरवलेलं नसताना, म्हणालो, "सिद्धार्थला जे आहे असं मी त्यात लिहिलंय ना, ते मलाही आहे. त्याच्या वयापासून."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोललो होतो, आणि तेही एका परक्या शाळेत. माझे कान गरम झाले. बाईंनी विचारलं, "आणि तुम्ही मुलांना तपासता?" मी म्हणालो, "तपासतो."

मला वाटलं होतं, हे ऐकून गायकवाडांना धीर येईल. बघा, याला पण तेच आहे, तरी शिकला, नोकरी केली, चारचौघांत उभा आहे. गायकवाडांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. घामाने भिजलेला, उशिरा आलेला, रिकाम्या हाताचा चाळिशी उलटलेला माणूस त्यांच्यासमोर उभा होता. शर्टाची गुंडी एक घर चुकलेली होती, ते मलाही तेव्हाच दिसलं.

"म्हणजे सर," ते हळूच म्हणाले, "हा मोठा झाला तरी असाच राहणार?"

एवढी शरम मला त्याआधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. नाही म्हणायचा फार मोह झाला. "सावरेल," मी म्हणालो. "बराच सावरेल. पण पूर्ण जाणार नाही." गायकवाडांनी मान हलवली आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसले.

मग बाईंनी विचारलं, तुम्ही शिकलात कसे. ते खोचक नव्हतं. मी सांगितलं की गणिताच्या एका मास्तरांनी मला आपल्या टेबलापाशी बसवलं होतं, एका वेळी एकच काम सांगायचे आणि ते झालं का ते लगेच बघायचे. विसरलो असं खरं सांगितलं तर ते शिक्षा करत नसत, पुन्हा करायला लावत. बाईंनी पुढचं मागचं थोडं विचारून घेतलं. शेवटी म्हणाल्या, वार्षिक परीक्षेपर्यंत दाखल्याचं राहू दे, उद्यापासून, म्हणजे सोमवारपासून, हा पहिल्या बाकावर बसेल. "पण थापा बंद," असं त्यांनी सिद्धार्थला बजावलं. मान मीही हलवली.

सिद्धार्थ त्या शाळेत टिकला. काठावर का होईना, दरवर्षी वर गेला. गायकवाड त्याला घेऊन दवाखान्यात येत राहिले, पण त्यानंतर माझ्याशी बोलताना ते आवाज थोडा मोठा करायचे आणि शब्द सावकाश उच्चारायचे. निघताना "सर, लक्षात राहील ना?" असं विचारायचे. त्यात कुचेष्टा नव्हती, काळजी होती, आणि म्हणूनच ती जास्त लागायची. डॉक्टरीणबाईंना मी शाळेतला प्रकार सांगितला तर त्या म्हणाल्या, मला तुमच्या पहिल्याच महिन्यात कळलेलं. इतकी वर्षं ज्या आत्यांच्या निधनाबद्दल त्यांनी मला सुट्टी दिली, त्यांच्याबद्दल मी मग काही बोललो नाही.

त्या शनिवारचं एक सांगायचं राहिलं. शाळेतून निघून आम्ही तिघं स्टेशनकडे चालत आलो. गायकवाड दोन पावलं पुढे होते. सिद्धार्थ माझ्या बाजूने चालत होता. त्याने विचारलं, "सर, तुम्हाला पण घरी मारायचे?"

"मारायचे. वडील."

"मग विसरायचं कमी झालं?"

"नाही," मी म्हणालो. "वडिलांशी बोलायचं कमी झालं."

पुढे गायकवाडांची पावलं थांबली. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. सिद्धार्थ त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत ते तसेच उभे राहिले, आणि मग त्यांनी त्याच्या खांद्यावरचं दप्तर काढून स्वतःच्या खांद्याला लावलं.

मी ठाण्याची गाडी घेतली. माझे वडील तेव्हा होते, थोरल्या भावाकडे, डोंबिवलीत, स्टेशनपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. आजारी होते. ये म्हणून भावाने निरोप पाठवला होता. ठाकुर्ली गेली तेव्हा मी उठून दाराशी उभा राहिलो. डोंबिवली आली, गाडी थांबली, माणसं उतरली, चढली. मी दांडी धरून उभा होतो. माझं पूर्ण लक्ष होतं. गाडी सुटली.